एका हातानं खुडायचा कुडा

दोन्ही हात लावू नका, ताई. या डोंगराच्या दांडावरचा कुडा एकाच हातानं खुडायचा. त्या पलीकडच्या बाया बघा. म्हातारीनं फांदी खाली ओढून धरलीय आणि सून डावा हात कमरेशी वाकवून उजव्यानं पांढरे झुबके ओटीत टाकतेय. येणारे जाणारे विचारतात, हाताला काय झालंय हिच्या? हिच्या हाताला काही नाही झालं. झालं ते हौसाईच्या हाताला, आणि त्याला किती पिढ्या लोटल्या ते आता कुणालाच सांगता येत नाही.

हौसा म्हणे खालच्या वाडीची सून. एका वैशाखात वाडीत रक्ताची हगवण शिरली. धडधाकट गडी आडवे झाले. हौसाचा भिवा तेव्हा नुकता कुठं बोलायला लागलेला. बघता बघता पोराचं चिपाड झालं, त्यानं मान टाकली. आमच्याकडं जाणाऱ्या जिवाला भुईवर घ्यायची रीत आहे. सासूनं जमीन सारवली आणि म्हणाली, "हौसे, दे त्याला खाली. आता हाल करू नको त्याचे." सासू वाईट नव्हती बरं का. तिनं स्वतःची लेकरं अशीच भुईवर दिली होती.

हौसानं पोराला कडेवर घट्ट आवळलं. "आत्याबाई, माझं पोर भुईला टेकेल ते आपल्या पायानं. तोवर मी त्याला खाली ठेवायची नाही."

आणि ती तशीच दांड चढली. माहेरी पोट बिघडलं की आई कुड्याची फुलं उकळून पाजायची, एवढंच तिला माहीत. डाव्या कडेवर पोर, वर रणरणतं ऊन. फांदी धरायला एक हात लागतो, खुडायला दुसरा. हिच्याकडं मोकळा एकच. मग ती फांदी दातांत धरायची. कुडा कडूजहर, ओठ सोलून निघाले. खाली येऊन तिनं काढा केला, बोटानं चाटवला. पोरानं ओकून टाकला. तिनं पुन्हा चाटवला. फुलं संपली की पुन्हा वर. जेवायची ती उभ्यानं, झोपायची ती मेढीला टेकून, पण पोर काही खाली ठेवलं नाही. लोक म्हणाले, बाईचं डोकं फिरलं.

एके सकाळी मात्र सासू हौसाच्या मागोमाग दांडावर आली, तिच्या दातांतली फांदी सोडवून आपल्या हातात धरली. "दातानं नको," म्हणाली. "मी धरते. तू खुड."

त्या फांदीखालीच भिवानं पाय झाडले. "आये, खाली," म्हणाला.

हौसानं ऐकलं, पण तिचा हात काही सुटेना. सासूनं एकेक बोट उकललं, तेव्हा कुठं पोर भुईवर उभं राहिलं. मग उरलेल्या वाडीनंही तोच काढा घेतला. हौसाचा डावा हात पुढं जन्मभर सरळ झाला नाही, असं सांगतात.

आजही फुलं आली की सासवा फांद्या धरतात आणि सुना एका हातानं खुडतात. घरात बोलणं बंद असलं तरी इथं यावंच लागतं. फुलं काढ्याला जातात, उरतील त्यांची भाजी होते. पण पाट्या भरल्या म्हणून कुणी घरी निघत नाही. कुणाच्या तरी कडेवरचं पोर वळवळतं, "खाली" म्हणतं. ते उतरून दोन पावलं चाललं की मगच सगळ्या बाया आपापला डावा हात सरळ करतात.