झिलूने आणलेली नथ

मालवणच्या बाजूला खाजणवाडी म्हणून गाव आहे, तिथे एक भोळा राहत होता. भोळे सगळ्याच गावांत असतात, पण खाजणवाडीकरांना आपल्या भोळ्याचा जरा अभिमानच होता. त्याचं नाव झिलू तांडेल. पोहण्यात मासा. बुद्धीतही मासाच.

त्याची बायको जयवंती हुशार. पण हुशार माणसाचीही नथ पाण्यात पडते. निर्माल्य सोडायला ती होडीतून वाकली, आणि नाकातली नथ खडपापाशी, म्हणजे समुद्रातल्या खडकापाशी, चार वाव खोल पाण्यात गेली. नथ तिच्या आईची. रविवारी भावाचं लग्न. लग्नासाठी सगळे दागिने उजळून डब्यात ठेवलेले, आणि आई मांडवाच्या दारातच विचारणार, "नथ खंय?" जयवंती दोन दिवस जेवली नाही.

शेजारी दादू मेथर पर्यटकांना समुद्राखाली फिरवून आणायचा. पण त्याचा कान फुटलेला, डॉक्टरने पाण्यात जायला बंदी केलेली. तो म्हणाला, "वयनी, झिलूच जाईत खाली. मी शिकवतंय. पण सामान ज्याच्या त्याच्या मापाचा लागता. बाजारात पास्कूच्या दुकानात जावन त्याका स्वतःच निवडूक सांगा."

सोमवारी झिलू निघाला पाण्याखाली बघायचा चष्मा आणायला. जयवंतीने दारातून बजावलं, "वस्तू डोळे मिटून घेव नका. नारळ कसो घेतास? तसो बघून घेवा."

दुकानात झिलूने चष्मा कानाशी धरून हलवला. आत पाणी वाजेना. मग गल्ल्यावर ठोकला. काच तडकली. तो घरी येऊन म्हणाला, "कच्चो निघालो."

दादूने कपाळावर हात मारला. "अरे, चष्मो काय नारळ आसा? तोंडाक लावचो, नाकान श्वास ओढूचो, हात सोडूचो. चिकटान रवलो तर आपलो."

"असा आधी सांगूचा," झिलू म्हणाला.

मंगळवारी पायात घालायचे फिन आणायचे होते. रबराचे, बदकाच्या पायासारखे. झिलूने पहिला फिन तोंडाला लावला, श्वास ओढला, हात सोडला. पडला. दुसरा पडला. अकरा फिन पडले. दुकानात एक मुंबईची बाई आली होती, ती काही न घेता निघून गेली. बारावा फिन लहान मुलाचा होता, तो मात्र नाकाला असा चिकटला की काढायला पास्कूला यावं लागलं. झिलूने तो घेतला.

"एकच?" दादूने विचारलं.

"तोंड एकच आसा मा."

"मेल्या, ह्या पायात घालूचा! दोनय पाय आत घालूचे आणि चार पावला चलान बघूचा. बोचला नाय तर घेवचा."

"असा आधी सांगूचा."

बुधवारी पाण्यात घालायचा रबरी सूट. झिलूने दोन्ही पाय आत घातले. एवढंच घातलं. बाकीचा सूट मागे फरफटत तो एसटी स्टँडपर्यंत चालून आला. एक कुत्रा सोबत होता. कुठे काही बोचलं नाही, म्हणून सूट पसंत पडला. तो झिलूला, जयवंतीला आणि वर त्यांच्या बकरीला पुरला असता.

दादू आता जरा हळू बोलायला लागला होता. "सूट अंगाक घट्ट व्हयो. इतको घट्ट, काय आत वाईच पण हवा रवाक नको. समाजला?"

"समाजला. आत हवा रवाक नको."

चुकीचं सामान पास्कू बदलून देत होता, आणि योग्य मापाचं आता घरात जमत चाललं होतं. सोमवारी तो "येवा" म्हणाला होता. मंगळवारी "इलंस?" म्हणाला. गुरुवारी झिलूला लांबून बघूनच त्याने छातीवर क्रूस काढला.

गुरुवारी आणायची होती हवेची टाकी. पास्कूने भरलेली टाकी पुढे ठेवली. झिलूने तोटी सोडली. टाकी फुस्स करायला लागली. झिलू शेजारी स्टूल घेऊन बसला. आवाज थांबल्यावरही तो थोडा वेळ थांबला, कारण काम चोख हवं. मग टाकी खांद्यावर मारून, हलकी लागली म्हणून शीळ घालत घरी आला.

यावेळी दादू ओरडला. एवढा की त्याचा फुटका कान दुखायला लागला. "मेल्या, त्याच हवेर तू खाली जगतलंस! रिकामा काय घेवन खाली जावचा नाय! जा काय न्हेशीत ता गच्च भरून न्ही!"

झिलू खजील झाला. जयवंती पदराने डोळे पुसत होती. त्याच क्षणी त्याने मनाशी पक्कं केलं, आता बायकोसाठी तरी चूक करायची नाही.

शुक्रवारी टाकी भरून आली. झिलू उथळ पाण्यात दिवसभर शिकला, आणि पाण्यात तो खरोखर चुकला नाही. संध्याकाळी दादूने त्याच्या हातात नाडीची एक छोटी कापडी पिशवी दिली. "ह्येच्यात नथ घाल." रिकामी पिशवी घेऊन झिलू विचार करत घरी गेला.

शनिवारी सकाळी तो होडीत चढला तेव्हा पिशवी कमरेला टम्म फुगलेली होती. दादूने नांगर उचलता उचलता ती पाहिली, पण विचारायचं राहून गेलं. झिलू खाली गेला. वीस मिनिटांनी वर आला. होडी परतली तेव्हा किनाऱ्यावर जयवंती देवाला नारळ बोलत उभी होती.

"गावली काय?"

"गावली."

तिने पिशवी सोडली. आत नथ! एकही मोती ढळलेला नव्हता. जयवंती हसली, रडली, पुन्हा हसली. दादूने झिलूच्या पाठीवर थाप मारली. "शाबास! पण मगाशी पिशवी भरलेली दिसत होती रे?"

"भरलेलीच न्हेलंय. तूच सांगलंस मा, रिकामा काय न्हेवचा नाय म्हणान."

"काय भरलंस?"

"नथीची पिशवी. तेच्यात दुसरा काय भरतलंय? डब्यातले दागिने. पाटल्यो, ठुशी, बुगड्यो, सगळे."

जयवंतीचं हसू ओठावरच राहिलं. "मगे ते खंय आसत?"

"नथीक जागा व्हयी मा? बाहेर काढलंय. खाली खडपार नीट मांडून ठेवलंय."

जयवंती वाळूत बसली. तिचा चेहरा बघून झिलूचा जीव कळवळला.

"रडा नको गो. जागा माका ठावक आसा. आत्ता जावन हाडतंय." त्याने पिशवी उचलली, आत डोकावून पाहिलं, आणि बायकोपुढे हात केला. "फक्त पिशवी रिकामी आसा. वाईच ती नथ दी."