बिनजळणाचा महाल

भालगडच्या रणधवल राजाने नवा महाल बांधला. भिंती इतक्या जाड, की उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे नकोत आणि थंडीत शेगडी नको. "माझ्या महालाला काडीचंही जळण लागत नाही," असं तो येईल त्या पाहुण्याला ऐकवायचा.

वास्तुशांतीला दूध उतू घालवायचा मान त्याच्या आत्याचा, अंबाक्कांचा. त्यांनी नव्या चुलीवर पातेलं ठेवलं आणि सरपण मागितलं. शिपाई चहूकडे धावले आणि हात हलवत परत आले. डोंगर बोडके झाले होते, बाभळीचं झुडूपसुद्धा उरलं नव्हतं.

मुहूर्त टळत चालला. पाहुण्यांसमोर राजा लालबुंद झाला. "माझं रान कुणी चोरलं? त्याला माझ्यापुढं उभं करा!"

अंबाक्का उठल्या. अंगणात उरलेल्या विटांतल्या दोन उचलून त्यांनी चुलीत सारल्या. "घे, पेटव."

"आत्या, वीट कुठं जळते?"

"का नाही? तुझं अख्खं रान हिच्यातच गेलंय. विटांच्या भट्ट्या, चुन्याच्या भट्ट्या काय वाऱ्यावर पेटल्या होत्या? गावातल्या बाया तेव्हापासून अर्धंकच्चं रांधतायत."

राजा प्रधानाकडे वळून म्हणाला, "शेजारच्या मुलखातून गाडीभर लाकूड आणवा."

अंबाक्कांनी पातेलं उतरवलं. "आणव बाबा. आणि पाहुण्यांना नीट सांग, या महालाला स्वतःचं जळण लागत नाही. दुसऱ्यांच्या चुलीतलं लागतं."