त्रेपन्न घरांचं चूलबंद आवतण

एका गावात एक भोळा गेनबा होता. गावाचं नाव उंबरपट्टा. घरं त्रेपन्न. गेनबा अंगानं दांडगा, वय बत्तीस. सांगितलेलं काम तो कधी टाळायचा नाही. अडचण तेवढीच होती.

उंबरपट्ट्यात एक रीत होती. पाडव्याला गुढ्या उभ्या राहिल्या की सगळं गाव मारुतीच्या देवळापुढं बसायचं. पंचायतीचे कारकून दगडूतात्या वही उघडायचे. सरत्या वर्षात गावात काय चांगलं झालं ते डाव्या पानावर. काय बिघडलं ते उजव्या पानावर. दोन्ही पानं मोठ्यानं वाचायची आणि मग सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचं.

गेनबाचं नाव दर वर्षी उजव्या पानावर असायचं. एका वर्षी लिहिलं होतं, ‘मुलं शाळेत येईपर्यंत घंटा वाजवायला सांगितली. गेनबानं रविवारी दिवसभर वाजवली.’ एका वर्षी नुसतंच लिहिलं होतं, ‘गेनबा’.

त्याची आई भागूबाई दर वर्षी पदर तोंडाला लावून ते ऐकायची. यंदा ती पाडव्याच्या आधीच सरपंच अनुसयाकाकूंकडे गेली.

"सरपंचबाई, माझी सत्तरी झाली. एकदा तरी माझ्या पोराचं नाव डाव्या पानावर ऐकू दे."

"त्यानं काहीतरी चांगलं करायला नको का, भागूआत्या?"

"तू काम सांग. तो करतो."

"करतो म्हणूनच भीती वाटते," काकू म्हणाल्या. पण त्यांनी गेनबाला बोलावलं.

पाडव्याला तीन दिवस होते.

"गेनबा, देवळापुढलं अंगण झाड. एक पान दिसता कामा नये."

"नाही दिसणार, काकू."

अंगणात जुना कडुनिंब होता. गेनबानं अंगण झाडलं. वरून एक पान पडलं. त्यानं ते झाडलं. आणखी दोन पडली. तीही झाडली. दुपारपर्यंत असंच चाललं. मग गेनबानं वर बघितलं, खराटा ठेवला आणि झाडावर चढला.

संध्याकाळी काकू आल्या. अंगणात एक पान नव्हतं. झाडावरही नव्हतं.

"अरे, हे काय केलंस?"

"उद्याचंही आजच झाडलं, काकू."

"तीन दिवसांवर पाडवा. गुढीला पाला कुठून आणायचा?"

"उकिरड्यात आहे. सगळा आहे."

काकूंनी कपाळाला हात लावला. "ऐक. आपण खालचं तेवढं बघायचं. वरच्याला हात लावायचा नाही. कळलं?"

"कळलं, काकू. खालचं तेवढं."

दुसऱ्या दिवशी काकूंनी त्याला चुन्याची बादली दिली. "देवळाला चुना मार. आणि पंचायतीच्या भिंतीलाही मार."

गेनबानं सकाळी सुरुवात केली आणि तासाभरात हात धुतले. काकूंना वाटलं, पोरगं फार चपळ आहे. त्या बघायला गेल्या. देऊळ कमरेपर्यंत पांढरं झालं होतं. वर जुनाच गेरू. मारुतीचं देऊळ धोतर नेसून उभं होतं.

"वरचं कुणी करायचं?"

"वरच्याला हात लावायचा नाही म्हणालात."

"अरे, ते झाडाचं! काम धरलं की ओळीनं करायचं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मधलं काही सोडायचं नाही."

"आधी सांगायचं ना, काकू," गेनबा म्हणाला आणि शिडी घेऊन आला.

आता त्यानं काहीच सोडलं नाही. देवळाची भिंत झाली, कळस झाला, पंचायतीची भिंत झाली. मधे खिडकी आली, ती झाली. मधे सूचनांचा फळा आला, तोही झाला. पंचायतीच्या भिंतीला दगडूतात्यांची सायकल टेकून ठेवली होती. तीही मधेच होती.

तात्या बाहेर आले आणि सायकल शोधू लागले.

"ही काय," गेनबानं भिंतीतली सायकल दाखवली.

तात्यांनी सीटवरून बोट फिरवलं, ते पांढरं झालं. "गाढवा, मधे काही आलं तर उचलून बाजूला ठेवावं. मग काम करावं."

"बरोबर आहे तात्या," गेनबा म्हणाला. त्यानं मनात नीट घोकून ठेवलं. ओळीनं जायचं. मधलं सोडायचं नाही. मधे आलेलं बाजूला ठेवायचं.

काकूंनी रात्रभर विचार केला. अंगण नको, चुना नको. तोंडानं बोलायचं काम द्यावं. त्यात काय बिघडणार?

"गेनबा, घरोघर जाऊन चूलबंद आवतण दे."

चूलबंद आवतण म्हणजे घरातल्या सगळ्यांना जेवायला बोलावणं. त्या दिवशी घरी स्वयंपाकच करायचा नाही.

"पाडव्याला गावात एकही चूल पेटलेली दिसता कामा नये," काकू म्हणाल्या. "ही जबाबदारी तुझी."

"माझी, काकू."

गेनबा वरच्या आळीपासून खालच्या आळीपर्यंत त्रेपन्न घरं फिरला. एकही घर चुकलं नाही. काकूंनी चार ठिकाणी विचारून खात्री केली आणि सुटकेचा श्वास सोडला.

पाडव्याची सकाळ झाली. गुढ्या उभ्या राहिल्या. कडुनिंबाचा पाला शेजारच्या गावातून मागून आणला होता. देवळामागं पाच मोठ्या चुली पेटल्या. भागूबाई आणि आठ-दहा बाया स्वयंपाकाला लागल्या. भात, आमटी, लापशी.

गेनबा पाण्याची बादली घेऊन वरच्या आळीला गेला.

पहिल्या घरी चहा उकळत होता. गेनबानं भांडं उचलून बाजूला ठेवलं, चुलीत तांब्याभर पाणी ओतलं आणि म्हणाला, "देवळापुढं या जेवायला." दुसऱ्या घरी आंघोळीचं पाणी तापत होतं. हंडा बाजूला, तांब्याभर पाणी. "देवळापुढं या जेवायला."

खालच्या आळीत रंगराव आणि माणिकराव हे दोघे सख्खे भाऊ राहायचे. मधे एकच भिंत. ओढ्याच्या पाटावरून दोघांचं बिनसलं होतं आणि सात वर्षं ते एका पंगतीला बसले नव्हते. धाकटा येईल म्हणून थोरला यायचा नाही. थोरला येईल म्हणून धाकटा यायचा नाही. दोन्ही घरांत पाडव्याला पुरण शिजायचं.

गेनबानं रंगरावांच्या पुरणाचं पातेलं बाजूला ठेवलं.

"ए, काय करतोस?" रंगराव ओरडले.

"चूलबंद आवतण, आबा."

"आम्हाला नाही यायचं."

"नका येऊ. पण चूल बंद," गेनबा म्हणाला आणि तांब्या ओतला. मग भिंतीपलीकडं जाऊन माणिकरावांचीही विझवली.

दोघं भाऊ आपापल्या ओल्या चुलीसमोर थोडा वेळ बसले. मग भूक लागली. एक पुढच्या दारानं निघाला, एक मागच्या. देवळापुढं जागा एकच उरली होती, जोडीनं बसायची. बसले.

गावानं ते बघितलं. बाया चुली सोडून पुढं आल्या. भागूबाई हातात पळी घेऊनच आली. काकूंना हुंदका आवरेना.

"तात्या, वही उघडा," त्या म्हणाल्या. "डावं पान. लिहा. सात वर्षांनी सगळं गाव एका पंगतीला बसलं. आम्ही सगळ्यांनी सांगून झालं होतं. जमवलं ते गेनबानं."

तात्यांनी लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "गेनबा." भागूबाई खालीच बसली. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली.

तेवढ्यात देवळामागून गेनबा आला. अंगावर राख, हातात रिकामी बादली.

"झालं, काकू. आता गावात एकही चूल पेटलेली नाही."

"शाब्बास रे," काकू म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा बदलला. "तू देवळामागून कशाला आलास?"

"ओळीत शेवटच्या तिथंच होत्या. पाच. फार मोठ्या होत्या, दोन बादल्या पाणी लागलं. हंडे आधी बाजूला ठेवले. मधे आले होते."

भात अर्धा कच्चा होता आणि पंगत बसली होती.

"तात्या, खोडा ते नाव," मागून कुणीतरी म्हणालं. तात्यांनी पेन काढलं. त्यांना सायकल आठवत होती.

"थांबा," रंगराव म्हणाले. "त्यानंच विझवल्या, त्यालाच पेटवू दे. चुली पेटल्या तर नाव राहू द्या. नाही पेटल्या तर खोडा."

"दादा म्हणतो ते बरोबर आहे," माणिकराव म्हणाले.

गावाला पटलं. काकू गेनबाकडं वळल्या. "जेवढ्या विझवल्यास तेवढ्या सगळ्या पेटव. एकही राहता कामा नये."

"सगळ्या?"

"सगळ्या. पळ."

भागूबाईनं कमरेची काडेपेटी काढून त्याच्या हातात दिली. "लेकरा, आता नीट कर," ती म्हणाली. गेनबा पळाला.

गाव वाट बघत बसलं. बायांना उठायची बंदी होती, कारण नावाचा प्रश्न होता. अर्धा तास झाला. एक तास झाला. पोटं बोलू लागली. देवळामागून धूर काही येईना.

"काकू," शेवटी माणिकराव म्हणाले, "तुमच्या घरातनं धूर निघतोय."

काकू उठल्या. गाव उठलं. वरच्या आळीतून धूर निघत होता. मधल्या आळीतून निघत होता. खालच्या आळीत रंगरावांच्या आणि माणिकरावांच्या कौलांतून शेजारी शेजारी निघत होता. घरात माणूस एक नाही आणि चूल पेटलेली त्रेपन्न घरांत.

तात्यांनी धुराकडं बघितलं, वहीकडं बघितलं. "चुली तर पेटल्या," ते म्हणाले आणि पेन खिशात ठेवलं.

गेनबा धापा टाकत आला.

"अरे, आणि देवळामागच्या?" काकूंनी विचारलं.

"ओळीनं चाललोय, काकू. त्या शेवटच्या," गेनबा म्हणाला. त्यानं काडेपेटी उघडून आत बघितलं. "काड्या तेवढ्या संपल्या."