आई, तुम्ही जेवलात का?

“...मग आई काय म्हणाली?”

“इतक्या दिवसांनी घरी गेलो, तर ‘या, बसा’ म्हणाली, बुवा. मला! पोटच्या मुलाला. ‘या, बसा. चहा घेणार ना तुम्ही?’”

मठाच्या ओसरीवर बसून अच्युतबुवा मेथी निवडत होते. रात्रीच्या पंगतीची भाजी व्हायची होती, आणि कुणी कितीही मोठं दुःख घेऊन आलं तरी बुवांच्या मठात भाजी निवडायची थांबत नसे.

नंदन घैसास लहानपणी आईचं बोट धरून या मठात यायचा. आता पुण्यात तो बोलकी यंत्रं बनवत होता. परगावी राहणाऱ्या मुलांच्या आवाजात ही यंत्रं त्यांच्या म्हाताऱ्या आईबापांना रोज संध्याकाळी फोन करत. गोळी घेतली का, झोप लागली का, सगळं विचारत. कधी विसरत नसत, कधी खेकसत नसत. पोटची मुलं काय बोलतील इतकं गोड बोलत. गावोगावच्या घरांत ती पोचली होती आणि नंदनचं नाव झालं होतं.

पहिलं यंत्र त्यानं स्वतःच्या आईसाठीच लावलं होतं. तिला मात्र सांगितलं नव्हतं.

“वडीलधाऱ्यांशी अदबीनं बोलायचं, असं शिकवलं होतं आम्ही यंत्राला,” तो म्हणाला. “ते दोन-अडीच वर्षं तिला विचारत राहिलं... ‘आई, तुम्ही जेवलात का?’”

बुवांचा हात थांबला.

“आईला ‘तुम्ही’?”

“बाबांना ‘अहो’ म्हणायचो, आईला ‘अगं’. यंत्राला हा फरक सांगायचं कुणाला सुचलंच नाही.”

“आणि ती रागावली नाही?”

“रागावली असती तर बरं झालं असतं. तिला वाटलं, मुलगा मोठा माणूस झाला. मोठ्या माणसांत असंच बोलत असतील. म्हणून मग तीही...”

दिवसभर ‘सर, सर’ ऐकणारा हा माणूस एका ‘अरे’साठी कासावीस झाला होता. ‘कुठं उलथला होतास मेल्या इतके दिवस?’ असं आईनं एकदा ओरडावं, एवढंच त्याला हवं होतं.

“यंत्र दुरुस्त केलं मी. आता ते तिला ‘तू’ म्हणतं. पण ती काही ‘तुम्ही’ सोडत नाही. बुवा, यंत्राच्या तोंडी काय घालू, म्हणजे ती मला पुन्हा ‘अरे’ म्हणेल?”

“यंत्राच्या तोंडी?”

“...हो.”

“तिला खरं का सांगत नाहीस?”

“कसं सांगू? त्या फोनची ती दिवसभर वाट बघते. ‘आमचा नंदू एक दिवस चुकवत नाही’ म्हणून शेजारणींना सांगत असते. खरं सांगितलं तर त्या सगळ्या संध्याकाळी हिरावून घेतल्यासारखं होईल. आणि नाही सांगितलं, तर मी तिला असाच परका.”

बुवा मेथी निवडू लागले.

“बाकीच्या घरांतून काय म्हणतात?”

“खूश आहेत सगळे. मुलांचा केवढा वेळ वाचतो.”

“त्या वेळात काय करतात मुलं?”

नंदन स्वतः त्या वेळात यंत्रं बनवत होता.

तेवढ्यात खिशातला फोन किणकिणला. यंत्रानं आईला फोन लावला की त्यांचं बोलणं नंदनच्या पडद्यावर उमटत असे; इतकी वर्षं त्यानं ते कधी वाचलं नव्हतं.

“कोण आहे?” बुवांनी विचारलं.

“कुणी नाही. मी... मी आईशी बोलतोय.”

“बरं. काय म्हणतोयस?”

नंदनचा चेहरा उतरला. तो अडखळत वाचू लागला. “‘आई, जेवलीस का गं?’ ...ती म्हणते, ‘बसतेच आता. तुम्ही कुठं आहात?’”

“मग तू काय म्हणालास?”

“‘घरीच आहे गं.’”

आत चुलीवर आधण आलं होतं. पडद्यावरचं बोलणं संपलं, निरोपाचे शब्द उमटले. नंदन त्यांच्याकडे बघत राहिला. मग एकदम त्यानं स्वतः आईला फोन लावला.

“अगंबाई!” पलीकडून आवाज आला. “आत्ताच तर बोललात. काही सांगायचं विसरलात का?”

“आई... मघाशी बोलत होता तो मी नव्हतो.”

“म्हणजे?”

“यंत्र होतं, आई. माझ्या आवाजाचं. आजच नाही... रोजच. इतकी वर्षं मी नव्हतोच गं.”

पलीकडे काहीच नाही.

“आई?”

...

त्याचे डोळे भरून आले. यंत्र असतं तर त्यानं लगेच काहीतरी बरं उत्तर दिलं असतं. फोन तळहातानं झाकून तो लहान मुलासारखा बुवांकडे वळला.

“बुवा, ती बोलतच नाहीये.”

“फोन ठेवला का तिनं?”

“नाही. आहे ती. श्वास ऐकू येतोय. पण काही म्हणजे काहीच बोलत नाही.”

बुवांनी मेथीची नवी जुडी सोडली.

“मग ऐक.”