पाठ टेकलेला कोल्हा

डोंगरउताराच्या एका जंगलात, करवंदीच्या जाळीखालच्या बिळात, एक सशीण आपल्या दोन पिलांसह राहत असे. मुलांनो, ती मुळातच भित्री होती. वाळलेलं पान वाजलं तरी ती बिळाकडे पळायची. त्यातच एके दिवशी शेजारच्या तितरीचं पिल्लू कोल्ह्याने भरदिवसा उचलून नेलं. तेव्हापासून 'उद्या तो माझ्या पिलांवर आला तर मी काय करू?' हा एकच घोर तिला लागून राहिला. पिलांना बिळात कोंडून ठेवावं तर ती उपाशी राहणार, आणि चरायला बाहेर काढावं तर कोल्हा टपलेला.

त्या जंगलात लढायला शिकवणारे दोन वस्ताद होते. ओढ्याकाठच्या तांबड्या मातीत घोरपड कुस्ती शिकवायची. ती म्हणायची, "अंगाला भिडायचं, कान धरायचा आणि उताराकडे ओढायचं. समोरच्याची पाठ मातीला टेकली की कुस्ती संपली. मग त्याला सोडायचं आणि मातीला नमस्कार करायचा." टेकाडावर रानकोंबडा लाथा शिकवायचा. तो मान ताठ करून सांगायचा, "अंगाला भिडायचंच कशाला? लांबूनच नाकाडावर लाथ हाणायची आणि तीन पावलं मागे सरून समोरचा सावरेपर्यंत थांबायचं. पडलेल्याला मारणं आमच्यात बसत नाही." या दोघांचं आपसात विळ्याभोपळ्याएवढं सख्य होतं, हे काही वेगळं सांगायला नको.

"मावशी, लाथ बरी की पकड?" सशिणीने घोरपडीला विचारलं.

"लाथ एकदा हुकली की तू संपलीस, बाई," घोरपड म्हणाली. "माझी पकड सुटत नाही."

मग ती रानकोंबड्याकडे गेली. तो म्हणाला, "ताई, समज दोन कोल्हे आले. तू एकाला धरून बसशील आणि दुसरा पिल्लू घेऊन जाईल. चालेल तुला?"

दोघांचंही म्हणणं तिला पटलं आणि तिची भीती दुप्पट झाली. शेवटी ती सकाळी ओढ्यावर आणि दुपारी टेकाडावर जाऊ लागली. तिचे पाय सुजले, डोळे खोल गेले, पण तिने एकही दिवस चुकवला नाही. पाठ टेकली की सोड, लाथ मारली की मागे सर, असं ती चरतानासुद्धा पुटपुटायची. ते ऐकून तिच्या धाकट्या पिल्लाने एकदा विचारलं, "आई, कोल्हा कुणाच्या तालमीत जातो?"

"नसते प्रश्न विचारू नकोस, गवत खा," असं म्हणून तिने त्याला गप्प केलं.

आणि एका सकाळी कोल्हा आलाच. पिलं बिळापासून चार उड्यांवर चरत होती. कोल्हा थेट धाकट्याकडे झेपावला. सशीण मधे पडली आणि तिने त्याच्या नाकाडावर अशी लाथ ठेवून दिली की तो भेलकांडला. आता पिलांना हाकलून बिळात घालायची हीच वेळ होती. पण पाय सवयीचे गुलाम! ती तीन पावलं मागे सरली आणि तो सावरायची वाट बघत थांबली. सावरताच कोल्ह्याने पुन्हा झेप घेतली. मग तिने भिडून त्याचा कान धरला आणि उताराकडे ओढलं. तो कोलमडून उताणा पडला. त्याची पाठ मातीला टेकली मात्र, सशिणीने कान सोडला आणि नमस्काराला मान खाली घातली.

कोल्ह्याला हे नियम कुणी सांगितलेच नव्हते. त्याने पडल्या पडल्याच तिचा कान जबड्यात धरला आणि उलटून तिला खाली दाबलं. तिला श्वास घेता येईना. पलीकडे धाकटं पिल्लू भीतीने जागच्या जागी गोठून बसलेलं तिला दिसलं. त्या क्षणी तिला दोन्ही तालमींचा विसर पडला. तिने मागचे दोन्ही पाय पोटाशी घेतले आणि कोल्ह्याच्या पोटात एक लाथ मारली, दुसरी मारली, तिसरीही मारली. जबडा ढिला पडला. तिने हिसका दिला, तसा अर्धा कान त्याच्या तोंडातच राहिला. पण या वेळी ती थांबली नाही. तिने दोन्ही पिलांना ढकलत बिळात लोटलं आणि त्यांच्या मागोमाग स्वतः आत शिरली.

बातमी कळताच दोन्ही वस्ताद बिळाच्या तोंडाशी येऊन भांडू लागले. घोरपड म्हणे पकडीने वाचवलं, कोंबडा म्हणे लाथेने.

सशीण बाहेर आली. तिच्या कानातून अजून रक्त ठिबकत होतं. ती म्हणाली, "मावशी, दादा, तुमचं दोघांचंही शिकवणं कामाला आलं. पण कोल्हा कुणाच्याच तालमीत जात नाही, हे मला माझ्या धाकट्याने विचारलं तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं असतं, तर कान शाबूत राहिला असता."

दुसऱ्या दिवसापासून तिने स्वतःच पिलांना शिकवायला घेतलं. लाथ शिकवली, पकडही शिकवली. पण रोज चरायला निघताना त्यांना पहिला प्रश्न ती एकच विचारी, "सांगा बघू, इथून बीळ किती उड्यांवर आहे?"

तात्पर्य : लाथ असो वा पकड, संकटात शत्रू आपले नियम पाळत नाही, म्हणून जिंकण्यापेक्षा सुखरूप सुटण्याची वेळ ओळखावी.