फोडलेला निर्दोष गोळा

एकदा एका समुद्रकाठच्या कारखान्यात एक वृद्ध जाणकार काम करत. खोल समुद्रात उतरणाऱ्या छोट्या पाणबुडीसाठी तिथे जाड, पारदर्शक प्लॅस्टिकचा पोकळ गोळा घडवत. माणूस त्याच्या आत बसायचा. मोठा गोळा वापरण्याआधी त्याच मालाचे लहान गोळे करायचे, पाण्याच्या टाकीत ठेवून त्यांच्यावर दाब वाढवत न्यायचा, अशी तिथली रीत होती.

वृद्धांच्या हाताखाली एक शिष्या होती. तिचाच थोरला भाऊ मोठ्या गोळ्यात बसून पहिल्यांदा खाली जाणार होता. त्यामुळे तिच्या जिवाला सारखा घोर.

वृद्ध म्हणाले, "सगळ्यांत निर्दोष असेल तो गोळा टाकीत ठेव."

एका गोळ्यात बुडबुडा राहिला होता. दुसरा मात्र असा नितळ, की आहे की नाही कळू नये. बारा दिवस घासून तिने तो चमकवला होता. तिने तो कपाटात सारला आणि गुपचूप बुडबुड्याचा टाकीत ठेवला.

वृद्धांनी टाकीत डोकावून पाहिले. "हा नव्हे, पोरी. कपाटातला आण."

"अहो गुरुजी, तो चांगला आहे ना!"

"म्हणून तर."

दाब चढू लागला. भाऊ जाणार तेवढ्या खोलीचा आकडा आला, मागे पडला.

"पुरे ना गुरुजी! दादाला एवढं खाली कुठं जायचंय?"

वृद्ध थांबले नाहीत. दाब दुप्पट झाला, तिप्पट झाला, पाचपट झाला. गोळ्यावर बारीक पांढऱ्या रेघा उमटल्या, आणि धाडकन आवाज होऊन टाकी हादरली.

तिला रडूच आले. "वाईट ठेवलंत नि चांगलं फोडलंत. मला तर काहीच समजेनासं झालंय."

वृद्ध शांतपणे म्हणाले, "बुडबुड्याचा फुटला असता, तर आपण बुडबुड्याला दोष देऊन मोकळे झालो असतो. याला कसला दोष देशील? हा जिथं फुटला, तिथं या मालाची हद्द संपली. तू पुरे म्हणालीस तिथं थांबलो असतो, तर गोळा वाचला असता. पण हद्द तिथून चार हातांवर आहे की कोसभर लांब, हे कुणाला ठाऊक होतं?"

तिने मान डोलावली खरी, पण फुटलेलं बघून धीर कसा यायचा, हे काही तिला उमगले नाही.

उतरायच्या दिवशी भाऊ गोळ्यात बसला आणि तिला चिडवू लागला, "काय गं, एवढ्याच खोलीवरून परत यायचं? तुमचा गोळा कच्चा आहे वाटतं!"

"नाही दादा," ती म्हणाली, "तो कुठं फुटतो ते मी डोळ्यांनी बघितलंय. तू त्याच्या कितीतरी अलीकडे आहेस."

बोलता बोलता ती स्वतःच थबकली. मग तिने झाकण लावले.

ज्याच्या भरवशावर आपलं माणूस सोडायचं, त्याचा नुसता चांगुलपणा बघून भागत नाही; त्याची हद्दही ठाऊक असावी लागते.