भामायच्या तरीवरची खबर

कांदळबंदरच्या खाडीवर आता पूल झाला आहे. एसटी त्यावरून पाच मिनिटांत पलीकडे जाते. तरीही इथल्या जुन्या इंग्रजी शाळेत शिकून बाहेरगावी गेलेला माणूस परत येतो तेव्हा पुलाच्या अलीकडे उतरतो, सामान रिक्षाने पुढे धाडतो आणि स्वतः खाली धक्क्यावर जाऊन होडीत बसतो. होडी खाडीच्या मध्यावर आली की होडीवाला वल्ही वर उचलून धरतो. मग तो पाहुणा, न्यायाधीश असो नाहीतर मस्कतला वायरिंगची कामं करणारा असो, शाळेतलं कोण आपल्याला कुठे भेटलं ते मोठ्याने सांगतो. कोण सुखात आहे, कोणाला मुलगी झाली, कोण आजारी आहे, कोण गेलं. याला इथे ‘खबर देणं’ म्हणतात. खबर दिल्याशिवाय कोणी शाळेची पायरी चढत नाही.

हे कशामुळे सुरू झालं, असं धक्क्यावर कोणी विचारलं तर शाळेतून निवृत्त झालेले पडवळ गुरुजी आधी विचारणाऱ्याला बसायला लावतात. उभ्याने सांगण्यासारखी गोष्ट नाही ही, म्हणतात.

पहिल्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. पूल नव्हता. शाळेच्या समोरच्या काठावरच्या चार गावांतली मुलं रोज तरीने, म्हणजे उतारूंच्या होडीने, शाळेत यायची. ती तर चालवायची सत्यभामा नावाची खारवीण. नवरा समुद्रात बुडाला तेव्हा तिने त्याचीच वल्ही उचलली. मुलं तिला भामाय म्हणायची. शाळेच्या पोरांकडून तिने कधी उताराचे पैसे घेतले नाहीत. पुढे ती पोरं मोठी झाली, कोणी रंगूनला पोस्टात लागलं, कोणी धारवाडला मुन्सफ झालं, कोणी नैरोबीला रेल्वेत गेलं; पण रजेवर आली की भामायच्या लेखी ती पोरंच असायची.

तिचा एकुलता मुलगा धाकोजी याच शाळेतून मॅट्रिक झाला. खारव्यांतला पहिला. त्याच्याच बाकावर बसणारा, खांबेट्यांचा नीळकंठ, त्याचा जिवाभावाचा मित्र. लढाई सुरू झाली, सरकारला कारकून हवे होते. दोघे मिळूनच इराकातल्या बसऱ्याला गेले. जाताना भामायने दोघांनाही एकाच होडीतून सोडलं. “एकमेकांना धरून ऱ्हावा,” एवढंच ती म्हणाली.

बसऱ्याहून नदीने चार दिवस वर एका छावणीत त्यांची नेमणूक झाली. दुसऱ्या उन्हाळ्यात तिथे पटकीची साथ आली. माणसं सकाळी हिशेब लिहायची आणि संध्याकाळी उचलली जायची. आजाऱ्यांना बसऱ्याच्या लष्करी इस्पितळात नेणारी शेवटची बोट लागली तेव्हा दोघेही आजारी होते, पण यादीत नाव होतं ते एकट्या धाकोजीचं. नीळकंठ उलट्या-जुलाबांनी पार गळून गेला होता, तरी त्याचं नाव नव्हतं. धाकोजीने आपल्या नावाचा बिल्ला काढला आणि मित्राच्या गळ्यात घातला.

“तू जा, नीळू. मी खारव्याचा पोर. पाणी मला कसंही घेऊन येईल.”

नीळकंठ नको म्हणाला का? गुरुजी इथे थांबतात. म्हणे तो नको म्हणाला, पण एकदाच.

बसऱ्याच्या इस्पितळात तो धाकोजी म्हणूनच दाखल झाला आणि बरा होऊन धाकोजी म्हणूनच बाहेर पडला. महिन्याभराने छावणीत पाणी भरणारा एक भिस्ती भेटला. त्याने सांगितलं की मागे राहिले त्यांतलं कोणी वाचलं नाही, सगळ्यांना एकाच खड्ड्यात पुरलं. इकडे भामायला मात्र सरकारी कागद आला. शाळेत नेऊन तिने तो वाचून घेतला. धाकोजी इस्पितळातून बरा होऊन गेला, पुढचा ठावठिकाणा माहीत नाही, असं त्यात लिहिलं होतं.

मुलगा बरा झालाय, म्हणजे आहे. कुठेतरी आहे. तेव्हापासून होडीत बसणाऱ्या शाळेच्या प्रत्येक माणसाला ती विचारू लागली, “माझा धाकू भेटला काय रे कुठं?” शाळेतून शिकून निघालेली मुलं जगभर गेली आणि जिथे गेली तिथे धाकोजीचा शोध घेत राहिली. एडनला, कराचीला, मोंबासाला. गोदीत, खानावळीत, इस्पितळात. कोणाचंही पत्र आलं तरी त्यात एक ओळ असायची : धाकोजीचा अजून पत्ता नाही.

नीळकंठ तो बिल्ला टाकून आपल्या नावाने परत आला, ‘छावणीतच आमची ताटातूट झाली’ एवढंच त्याने घरी सांगितलं. पुढे तो वैद्यकी शिकला, कोल्हापुरात त्याचा दवाखाना नावारूपाला आला. तो वर्षातून एकदा आईवडिलांना भेटायला कांदळबंदरला यायचा. पण तरीने नाही. खाडीला वळसा घालून, डोंगराच्या अंगाने सात कोस चालत यायचा आणि तसाच परत जायचा. होडीत मला मळमळतं, असं घरी सांगायचा. बारा वर्षं तो असा चालला. बायकोने एकदा विचारलं, लहानपणी रोज भामायच्या होडीत खेळत होता ना? तर तो जेवणाच्या पानावरून उठून गेला.

बारा वर्षांनी एके दुपारी त्याच्या दवाखान्यात दाऊद परकार आला. शाळेत नीळकंठच्या मागून शिकलेला, मुंबईच्या गोदीत चांगल्या हुद्द्यावर असलेला माणूस. त्याला प्रकृती ठीक असल्याचा दाखला हवा होता.

“कशासाठी?” नीळकंठने कागद पुढे ओढत विचारलं.

“बसऱ्याला चाललोय, डॉक्टरसाहेब. एका कंपनीत नोकरी धरलीय.”

“मुंबईची सोडून?”

“सोडली. पगार कमीच आहे तिथे. पण भामायची नजर जायला लागली. परवा होडीत बसलो तर आवाजावरून ओळखलंन मला. म्हणाली, दाऊद, दिसतंय तोवर आण रे त्याला. लांबून चौकशी करून काही होत नाही. तिथे राहून शोधायला पाहिजे. अम्मी रडतेय, पण मी शब्द देऊन बसलोय.”

नीळकंठने दौतीत टाक बुडवला. दाऊदचं नाव लिहिलं, वय लिहिलं. पुढची ओळ त्याच्या हातून उतरेना. टाकाची शाई कागदावर पसरत गेली. दाऊदला वाटलं, डॉक्टरांना बरं नाही.

“दाऊद,” तो म्हणाला, “चार दिवस थांब. मी गावी जाऊन येतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो धक्क्यावर उभा राहिला. शाळेच्या पोरांची पहिली खेप सोडून भामाय परत आली होती. होडीत तो एकटाच बसला. ती वल्हवू लागली. डोळे बारीक करून तिने पाहिलं.

“कोण रे?”

“नीळू. खांबेट्यांचा.”

वल्ही थांबली नाहीत. “आलास? किती वर्षांनी रे! तुला तरी भेटला काय माझा धाकू?”

मग त्याने सगळं सांगितलं. बोट सांगितली, यादी सांगितली, बिल्ला सांगितला. इस्पितळातून बरा होऊन गेला तो मीच, असं सांगितलं. सांगून झाल्यावर त्याने मान वर केली, तेव्हा वल्ही पाण्यात नुसती तरंगत होती.

 मग तिने विचारलं, “जाताना जवळ कोण होतं त्याच्या?”

“मला माहीत नाही.”

“पाणी तरी पाजलं असंल कोणी?”

“माहीत नाही गं, भामाय. मी नव्हतो.”

ओहोटीची वेळ होती. वल्हवणारं कोणी नसलेली होडी अशा वेळी थेट खाडीच्या तोंडाशी ओढली जाते आणि तिथल्या खडकांवर फुटते. पण असं सांगतात की त्या दिवशी पाणी जागच्या जागी उभं राहिलं. दोन्ही काठांवरच्या माणसांनी पाहिलं, म्हणे. मागे धक्क्यावर शाळेची दुसरी खेप येऊन खोळंबली होती, मुलं हाका मारत होती आणि मधोमध ती होडी एखाद्या तळ्यात असावी तशी स्थिर होती. नीळकंठने वल्ह्याला हात घातला.

“ठेव ते,” ती म्हणाली. “बारा वर्षं सगळ्या पोरांना शोधायला लावलंस. आता ह्याला तरी हात लावू नकोस.”

तिने त्याला काठाला लावलं. तो उतारू म्हणून पैसे देऊ लागला, तर ती दुसरीकडे बघत म्हणाली, “शाळेच्या पोरांकडून मी घेत न्हाय.” ती त्याच्याशी बोललेलं शेवटचं वाक्य हेच.

तीन दिवस तर बंद राहिली. चौथ्या दिवशी ती पुन्हा धक्क्यावर आली, पोरांना नेऊ लागली. पण त्यानंतर तिने कोणालाच काही विचारलं नाही. शाळेची जुनी माणसं रजेवर यायची, होडीत बसायची, सवयीने तिच्या प्रश्नाची वाट पाहायची. प्रश्न यायचा नाही. नुसता वल्ह्यांचा आवाज. त्या प्रश्नाला नाही म्हणताना जीव तुटायचा खरा, पण हे त्याहून जड होतं, असं तेव्हाचे लोक सांगत.

दाऊदला खरं काय ते कळलं होतं, तरी तो बसऱ्याला गेला. दोन वर्षांनी परत आला. होडीत बसला, होडी मध्यावर आली. मग न विचारता बोलू लागला. वाटेत कराचीला आपल्या शाळेचा अमका भेटला, त्याला बढती मिळाली. तमक्याला जुळं झालं. एडनला एक जण तापाने गेला, मी जवळ होतो, पाणी मी पाजलं. आणि मग म्हणाला, “धाकूदादाच्या छावणीवर जाऊन आलो, भामाय. तिथे आता खजुराची बाग आहे. माळ्याला विचारून एक दिवस बसलो तिथे. मराठीत बोललो थोडं.”

भामायने वल्ही उचलून धरली. तिच्या आंधळ्या होत चाललेल्या डोळ्यांतून बारा अधिक दोन वर्षांचं पाणी आलं. ती म्हणाली, “काय बोललास, तेवढं सांग.”

दाऊदने काय सांगितलं ते कोणाला ठाऊक नाही. होडीत ते दोघेच होते. पण त्या दिवसापासून जो येईल तो आपणहून खबर देऊ लागला.

नीळकंठही दर वर्षी येई. आता तरीनेच. खबर देई. ती ऐके, उत्तर देत नसे. पुढे ती अंथरुणाला खिळली तेव्हा तो दवाखाना बंद करून आला आणि तिच्या खोपटात नऊ दिवस बसून राहिला. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. नवव्या दिवशी तिने पाण्यासाठी तोंड उघडलं. चमचा त्याच्या हातात होता. तो तोंडाशी आल्यावर ती क्षणभर थांबली, मग प्याली. तिने त्याला क्षमा केली असं गावात कोणी म्हणत नाही. पाणी प्याली, एवढंच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी दुसराच कोणी होडी वल्हवत होता. मध्यावर नीळकंठ म्हणाला, “भामाय गेली.”

होडीतल्या एकाने विचारलं, “जवळ कोण होतं?”

“मी होतो,” नीळकंठ म्हणाला.

आजही कोणाच्या मरणाची खबर आली की होडीतलं वडीलधारं माणूस हाच प्रश्न विचारतं. मुलगा होता, बायको होती, शेजारचा एक बंगाली होता, अशी उत्तरं येतात आणि होडी पुढे जाते. पण अलीकडच्या, टाळेबंदीतल्या साथीच्या त्या दोन वर्षांनंतर माणसं पुन्हा गावी यायला लागली, तेव्हा बऱ्याच जणांना मान खाली घालून ‘कोणी नव्हतं’ असं सांगावं लागलं. इस्पितळात आत सोडतच नव्हते. त्या दिवसांत वल्ही पुन्हा पाण्यात पडायला फार वेळ लागायचा. काठावरची माणसं हाका न मारता उभी राहायची.